मांत्रिकाला शंका येत नाही

१

मराठी भयकथेला उलगड्याचा रोग जडला आहे. तो तिला तिच्या लेखकांनी जितका लावला, तितकाच वाचकांनी, समीक्षकांनी आणि साहित्य शिकवणाऱ्या वर्गानेही लावला आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

कथेत एक दार रात्री आपोआप उघडते. त्याच क्षणी वाचक हिशेबाची वही काढून बसतो. हे दार कोणी उघडले, ते मला शेवटच्या पानापर्यंत कळलेच पाहिजे. न कळल्यास लेखकाने मला फसवले. लेखकही कर्जदारासारखा हे देणे मान्य करतो आणि ते फेडण्याचे दोन रूढ मार्ग वापरतो. पहिल्यात अखेरच्या प्रकरणात एखादा मांत्रिक, साधुपुरुष किंवा परलोकविद्येचा अभ्यासक येतो. तो त्या वास्तूचा पूर्वेतिहास सांगतो, पापाचा धनी दाखवतो, विधी करतो, आणि सकाळी अंगणात कोवळे ऊन पडते. दुसऱ्यात त्याच ठिकाणी फौजदार किंवा डॉक्टर येतो. काकांनी इस्टेटीसाठी दाराला दोरी बांधली होती, असे तो सिद्ध करतो, आणि सकाळी तेच कोवळे ऊन त्याच अंगणात पडते. पहिल्या शेवटाला आपण अंधश्रद्धाळू म्हणतो, दुसऱ्याला पुरोगामी म्हणतो. वास्तविक हे दोन्ही शेवट सख्खे भाऊ आहेत. दोघांचाही विश्वास एकाच गोष्टीवर आहे: जगात अनुत्तरित राहिलेला प्रश्न ही चूक आहे आणि कोणीतरी अधिकारी पुरुषाने येऊन ती दुरुस्त करायची असते.

या समजुतीने भयकथेचा जीव घेतला आहे. सावकाश चढणारे, माणसाच्या मनात घर करणारे आणि शेवटपर्यंत आपले कूळ न सांगणारे भय मराठीत अपवादानेच लिहिले गेले. असे भय ही केवळ शैलीची चैन असती, तर त्यावर इतके तापण्याचे कारण नव्हते. पण ज्या प्रदेशात 'निश्चित उत्तरां'पायी माणसे मारली गेली आहेत, तेथे संदिग्धतेचा प्रश्न निव्वळ तंत्राचा राहत नाही.

२

प्रथम एक गैरसमज दूर करू. संदिग्ध, मानसशास्त्रीय भय ही पाश्चात्त्य साहित्यातून आलेली आवड आहे, आपली परंपरा रसरशीत भुतांची आहे, असे म्हटले जाते. हे खरे नाही.

'भूत' या एका शब्दावर मराठीने कधीच समाधान मानलेले नाही. मुंजा, वेताळ, हडळ, खवीस, गिऱ्हा, आसरा अशी तिची मोठी बिरादरी आहे, आणि यातील प्रत्येकाला पत्ता, सवय व भूक आहे. मुंजा पिंपळावर राहतो. आसरा पाण्याच्या काठी असतात. त्यांचे काय मागणे असते आणि ते कसे पुरवावे, हे गावातील म्हाताऱ्यांना ठाऊक असते. म्हणजे ही भुते म्हटली तर शेजारीच. या साऱ्या बिरादरीत एकटा चकवा निराळा आहे. चकव्याला रूप नाही, आवाज नाही, मागणे नाही. माणूस रोजच्या वाटेने घरी निघालेला असतो. ओळखीची बाभळ लागते, ओळखीचा बांध लागतो. थोड्या वेळाने पुन्हा तीच बाभळ लागते. ती तिसऱ्यांदा लागते, तेव्हा त्याच्या अंगावर काटा येतो. आणि बाभळ तर केवळ बाभळच असते. रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. पहाटे कळते की आपण रात्रभर एकाच रानाला फेऱ्या घातल्या. वाट आपण चुकलो की कोणी चुकवली?

भाषेने येथे जी युक्ती केली आहे, ती एखाद्या मोठ्या कथाकाराला शोभेल. आपण म्हणतो, 'चकवा लागला'. हे 'लागणे' मोठे विलक्षण क्रियापद आहे. तहान लागते ती आतून. ठेच लागते ती बाहेरून. वेड लागते ते कोठून, हे आजवर कोणालाही नेमके सांगता आलेले नाही. चकवा याच क्रियापदाच्या आश्रयाने आत आणि बाहेर यांच्या उंबरठ्यावर उभा राहतो. ज्या भाषेने भयाच्या मुळाशी असलेला हा अनिर्णय एका क्रियापदात सांभाळला, त्या भाषेतील कथाकारांनी शेवटच्या पानावर मांत्रिक आणावा, यासारखे दुर्दैव नाही.

ही केवळ शब्दांची कसरत नव्हे, भूमीचीही आहे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा या गावाचे उदाहरण घेऊ. यादवकालीन मंदिरांचे अवशेष येथे वस्तीत आणि शिवारात विखुरलेले आहेत. गोकुळेश्वराचे मंदिर आहे, पायऱ्यांनी खोल उतरत जाणारी बारव आहे, आणि एक उंच, कोरीव पाषाणस्तंभ आहे. या स्तंभाला कोणी दीपमाळ म्हणतात, कोणी मानस्तंभ म्हणतात. ही नुसती दोन नावे नाहीत. दीपमाळ म्हटले की दगड एका परंपरेत जाऊन उभा राहतो, आणि मानस्तंभ म्हटले की जैन मंदिराच्या अंगणात. इतिहासाच्या अभ्यासकाने यांचा निवाडा करावा. ते त्याचे कर्तव्यच आहे. परंतु गाव मात्र पिढ्यानपिढ्या त्या स्तंभाच्या सावलीत, निवाड्याची वाट न पाहता जगत आलेले असते. अशा गावातील भीतीला कोकणातला पडका वाडा, माडांची सळसळ आणि धो धो पाऊस लागत नाही. उघडे रान, काळी जमीन, टळटळीत दुपार आणि कोणाचा म्हणून सांगता न येणारा एक दगड एवढे तिला पुरेसे असते. मराठी भयकथेने मात्र भीतीचा मुक्काम कोकणात ठरवून टाकला, आणि मराठवाड्याच्या या कोरड्या, लख्ख प्रकाशातल्या भयाकडे तिचे जवळजवळ दुर्लक्षच झाले.

३

याच परभणी जिल्ह्यात मानवत आहे. १९७२ ते १९७४ या काळात, दुष्काळाने महाराष्ट्र होरपळत असताना आणि त्यानंतरही, या गावात लहान मुली आणि स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन, पिंपळावरचा मुंजा, अपत्यप्राप्ती आणि त्यासाठी द्यावयाचे कुमारिकांचे रक्त अशी या खुनांमागील कारणपरंपरा तपासात आणि खटल्यात मांडली गेली. मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासाने हे प्रकरण गाजले. सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत ते लढले गेले. १९७७ सालचा त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर कितपत विसंबावे, हा त्यातील एक कळीचा प्रश्न आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणाकडे आणखी एका अंगाने पाहावे. या साऱ्या व्यवहारात संदिग्धता कोठे होती? 'मुंजाला कुमारिकेचे रक्त हवे आहे' हे वाक्य पाहा. त्यात 'कदाचित' नाही, 'असेही असेल' नाही. कारण सांगितले आहे, उपाय सांगितला आहे आणि फळही सांगितले आहे. हा परिपूर्ण उलगडा आहे. अपत्य का नाही, धन का सापडत नाही, या माणसाला छळणाऱ्या अंधाऱ्या प्रश्नांना जाणत्याने येथे लख्ख उत्तर दिलेले आहे. मांत्रिकाचे सारे सामर्थ्य त्याच्या मंत्रात असते, असे आपण उगाच समजतो. ते त्याच्या खात्रीत असते. त्याला शंका येत नाही, आणि समोरच्याला ती येऊ नये याची तो काळजी घेतो. त्या साखळीतील एका जरी माणसाला ऐन वेळी 'हे खरे कशावरून?' अशी शंका येऊन त्याचा हात थबकला असता, तर एक तरी पोर वाचली असती.

म्हणून 'अनिश्चित भय लिहिणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे' हा जो समज सुशिक्षितांत रूढ आहे, तो मला मुळातच उलटा वाटतो. अंधश्रद्धा धुक्यावर पोसत नाही. तिला खात्री लागते. धुक्यात तिचा दम कोंडतो.

मानवतच्या प्रकरणावर झालेल्या दोन कलाकृती या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १९८१ साली अमोल पालेकर यांनी, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून, 'आक्रीत' हा चित्रपट केला. फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात तो गौरवला गेला. त्यात नावे बदललेली आहेत, पण 'गुन्हेगार कोण' हे रहस्य ठेवलेलेच नाही. आपण गुन्हेगारांच्या घरात, त्यांच्या जेवणखाणात, त्यांच्या रोजच्या कंटाळ्यात राहतो. जे दडवले आहे ते निराळे आणि अधिक भयंकर आहे. हा माणूस हे सारे खरोखर मानतो आहे, की बाईच्या हट्टापायी करतो आहे, की सत्तेच्या मस्तीत काहीही खपते याची त्याला चटक लागली आहे? चित्रपट संपतो, आणि प्रेक्षकाच्या मनातला हा प्रश्न सुटत नाही. याउलट २०२४ मध्ये आलेली 'मानवत मर्डर्स' ही मालिका तपास अधिकाऱ्याच्या बाजूने सांगितली आहे. ती नेटकी आहे, आशुतोष गोवारीकरांचा संयत अभिनय तिला लाभलेला आहे. पण तपासाच्या आकृतिबंधाला शेवट असतो: दुवे जुळतात, कोडे सुटते, गावावरचे सावट उठते. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून उठतो. 'आक्रीत' पाहून उठलेल्याला तो निःश्वास टाकता येत नाही, कारण कोडे आता त्याच्याकडे आलेले असते. भयाचे काम कोणते, असे विचारल्यास माझा कौल 'आक्रीत'च्या बाजूने आहे.

४

चिं. त्र्यं. खानोलकरांना हे मराठीत कोणाहीपेक्षा नीट कळले होते. १९६६ सालच्या 'कोंडुरा' या कादंबरीला भयकथा म्हणण्याचे धाडस आमच्या समीक्षेने केले नाही, कारण 'भयकथा' ही तिला शिवी वाटते. पण परशुरामतात्याची ती कहाणी मराठीतील सर्वांत भीतिदायक कहाण्यांपैकी एक आहे. घरात किंमत नसलेल्या एका सामान्य माणसाला दर्शन घडते, वरदान मिळते, त्याच्याबरोबर बंधन येते, आणि मग देवीचा आदेश येतो. ते दर्शन खरे की त्या उपेक्षित मनाने स्वतःसाठी रचलेले, हे खानोलकर सांगत नाहीत. त्यांची लेखणी दोन्ही शक्यतांना सारखेच रक्तमांस देते. पात्राला मात्र खात्री आहे. तो देवीच्या वतीने पाहू लागतो, दुसऱ्याच्या पापपुण्याचा निवाडा करू लागतो, आणि त्या खात्रीची किंमत स्त्रिया मोजतात.

पात्राची खात्री आणि कथेची अनिश्चितता यांतील हे अंतर हीच या कादंबरीच्या भयाची जननी आहे. आता कल्पना करा, की खानोलकरांनी शेवटी 'तो निव्वळ भास होता' असे सांगितले असते. मग परशुरामतात्या वेडा ठरला असता आणि आपण शहाणे. वेड्याच्या गोष्टीची कीव येते, भीती वाटत नाही. किंवा 'देवी खरीच होती' असे म्हटले असते, तर दोष देवीचा ठरला असता. दोन्ही वाटांनी आपण सुटलो असतो. खानोलकरांनी दोन्ही वाटा बंद ठेवल्या, म्हणून वाचक त्या माणसासोबत अडकून पडतो. त्याच्या जागी मी असतो तर मला तरी कसे कळले असते, हा प्रश्न त्याला एकट्याने सोसावा लागतो. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली या कादंबरीवर चित्रपट करताना तिला कोकणातून उचलून आंध्रात नेले, हिंदीसोबत तेलुगूतही केले, आणि तरीही ती तगली. भय प्रदेशाच्या सजावटीत नव्हते, याचा आणखी पुरावा कोणता हवा?

५

आता ज्यांच्या नावावर मराठी भयकथा उभी आहे, त्यांच्याविषयी. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यावर टीका करताना प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भयकथा हा स्वतंत्र साहित्यप्रकार मानून, आयुष्यभर निष्ठेने लिहून, त्यांनी मराठीत तिचा वाचक घडवला. विद्यापीठांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, हा विद्यापीठांचा करंटेपणा आहे. धारपांच्या कथेचा पूर्वार्ध फार वेळा अव्वल असतो. भाड्याची जागा, बदलीची नोकरी, एक नको असलेली खोली, आणि घरातल्या माणसांच्या स्वभावात सावकाश पडत जाणारा फरक. हे संथ चढणे त्यांना साधले होते. घात होतो तो उत्तरार्धात, 'समर्थ' आल्यावर. समर्थांचा प्रवेश झाला की वाचकाचे भय संपते आणि त्याची जागा भक्ती घेते. अमंगल शक्तीची जात, वय आणि कमजोरी सांगितली जाते, आणि कथा दोन ताकदींच्या कुस्तीवर उतरते. कुस्ती पाहताना उत्कंठा वाटते, भय वाटत नाही. शिवाय या कथांनी वाचकाला जी सवय लावली ती अधिक चिंताजनक आहे: संकट अनाकलनीय झाले की स्वतः विचार करणे थांबवा, जाणता येतो आहे.

धारपांच्या कथाबीजावरून २०१८ साली 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट झाला, २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित होऊन गर्दी खेचून गेला, आणि मराठी तरुणांनी त्याला डोक्यावर घेतले. त्यातील पाऊस, वाडा, साखळदंडांनी बांधलेली म्हातारी यांचा पहिला अर्धा तास अंगावर येतो, यात शंका नाही. पण या चित्रपटाने पहिल्याच मिनिटात काय केले, ते पाहा. समृद्धीची देवी, तिचा लोभी पुत्र हस्तर, त्याला मिळालेला शाप अशी सारी दैवतकथा निवेदनातून सांगून टाकली. नियम आधी कळले, मग खेळ सुरू झाला. त्यामुळे भीती उरते ती 'हस्तर पकडेल का' एवढीच. लोभाची रूपककथा म्हणून 'तुंबाड' सुरेख आहे, पण जिचा अर्थ आपल्याला पूर्ण कळला आहे अशा रूपककथेला कोण भिते?

रत्नाकर मतकरींचा (१९३८–२०२०) मार्ग निराळा. 'खेकडा'पासून पुढे त्यांनी भय शहरातल्या सदनिकेत, मध्यमवर्गीय नात्यांच्या पोटात आणून बसवले. त्यांच्या संग्रहांवर 'गूढकथा' हा शब्द छापलेला असतो आणि तो विचारपूर्वक निवडलेला आहे. मांत्रिकाची गरज त्यांना सहसा पडत नाही. परंतु त्यांच्या कथेला दुसरे व्यसन आहे, शेवटच्या धक्क्याचे. अखेरच्या चार ओळींत पट उलटतो, वाचक दचकतो, आणि त्या दचकण्यात आधीच्या दहा पानांची कोंदट अस्वस्थता वाहून जाते. धक्का हाही उलगडाच असतो, फक्त तो उशिरा आणि जोरात येतो. मतकरींच्या ज्या कथा आपल्याला वर्षानुवर्षे सोडत नाहीत, त्या आठवून पाहाव्यात. धक्का विसरलेला असतो. आठवते ते त्याआधीचे घर.

अलीकडच्या मराठी चित्रपटांत 'लपाछपी'चे (२०१७) नाव आदराने घ्यावे लागते. उसाच्या फडात एकाकी असलेले घर आणि त्यात एक गर्भवती स्त्री. जिकडे पाहावे तिकडे तेच पाते, तीच वाट. हा तर साक्षात चकवा. पण मुलींना जन्मापूर्वी व जन्मानंतर मारण्याच्या पापाचा संदेश पुढे आला, आणि भय त्या संदेशाचे वाहन होऊन बसले. संदेश खरा आहे, त्याची गरजही आहे. मुद्दा एवढाच, की आपल्याकडे भयाला सामाजिक संदेशाचा परवाना काढल्याशिवाय सभ्य घरात प्रवेश मिळत नाही.

६

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. विवेकवादी मित्र म्हणतील, संदिग्धतेची ही चैन पुण्यामुंबईच्या वाचकाला परवडेल. ज्या मराठवाड्यात भानामतीच्या नावाने बायका भुंकू लागतात, कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, तेथे 'खरे असेल, नसेलही' असे म्हणत बसणे हा गुन्हा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला, आणि गुप्तधनासाठी केले जाणारे प्रकार त्यात स्पष्टपणे गुन्हा ठरवावे लागले. अशा समाजात लेखकाने उत्तर द्यायचे नाही, म्हणजे काय?

या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला निर्विवाद मान्य आहे. जीवनात उलगडा हे कर्तव्य आहे. पोलिसाने खुनी शोधलाच पाहिजे, डॉक्टरने निदान केलेच पाहिजे, कार्यकर्त्याने भानामतीचा छडा लावलाच पाहिजे. परंतु हे कार्यकर्ते नेमके काय करतात, ते पाहा. ते त्या घरातील माणसांशी एकेकट्याने, धीराने बोलतात आणि बहुधा घरातीलच एखाद्या कोंडलेल्या जिवापर्यंत पोहोचतात. कपडे तिनेच पेटवले, एवढे सिद्ध होते. वृत्तपत्राची बातमी येथे संपते. कथेचा प्रांत येथून सुरू होतो. तिने ते जाणून केले काय? काडी ओढताना तो हात तिला स्वतःचा वाटत होता काय? ज्या घरात तिला 'नको' म्हणण्यासाठी एकही शब्द उपलब्ध नव्हता, तेथे पेटलेले लुगडे हाच तिचा शब्द होता काय, आणि तसे असेल तर 'भानामती खोटी होती' या वाक्याचा अर्थ काय उरतो? अलौकिकाचा प्रश्न पूर्ण निकाली निघाल्यावरही माणसाची संदिग्धता जशीच्या तशी शिल्लक राहते. संदिग्ध भय म्हणजे 'भूत आहे की नाही' एवढाच खेळ, असे समजणाऱ्यांना ही गोष्ट दिसत नाही.

विवेकाची सुरुवात उत्तरापासून होत नाही, शंकेपासून होते. शंका बाळगण्याची, तिच्यासह एक रात्र काढण्याची सवय ज्याला नाही, तो आज भगताचे उत्तर घेईल, उद्या पुढाऱ्याचे घेईल. तीनशे पाने अनिर्णयात राहून न घाबरता विचार करण्याची सवय जी कथा लावते, ती विवेकाच्या चळवळीची सख्खी मैत्रीण आहे. शेवटी पाटी लावणारी कथा, मग पाटीवर 'विज्ञान' का लिहिलेले असेना, वाचकाला पाटी वाचण्यापलीकडे काही शिकवीत नाही.

७

येथे आणखी एका पळवाटेला आधीच कुलूप घालतो. संदिग्धता म्हणजे धूसरपणा नव्हे. ज्या लेखकाला स्वतःलाच काय घडले ते ठाऊक नाही, ज्याने शेवट सुचला नाही म्हणून तीन टिंबे दिली, त्याच्या आळसाचे समर्थन मी करीत नाही. संदिग्धतेला धूसरपणाहून दुप्पट कष्ट पडतात, कारण तेथे दोन कथा एकाच वाक्यांतून एकाच वेळी पूर्णपणे उभ्या कराव्या लागतात. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या १८९८ सालच्या दीर्घकथेत शिक्षिकेला भुते दिसतात. एडमंड विल्सनने १९३४ साली ती भुते तिच्या दडपलेल्या मनाची निर्मिती आहेत असे मांडले, आणि तो वाद अजून चालू आहे. तो चालू राहतो, कारण दोन्ही वाचनांत एकही तपशील अनाथ होत नाही. त्झ्वेतान तोदोरोव्हने १९७० साली या प्रकाराचे लक्षणच असे केले, की नैसर्गिक आणि अलौकिक या दोन स्पष्टीकरणांमध्ये वाचकाचे मन थबकलेले असते तोवरच 'अद्भुत' जिवंत असते. एकदा निर्णय झाला की ते दुसऱ्या कोणत्यातरी शेजारच्या प्रकारात जाऊन पडते.

पण यासाठी पॅरिसपर्यंत जाण्याची गरज नाही. अभिनवगुप्ताने रसप्रक्रिया समजावताना 'शाकुंतला'तील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. तेथे रसिकाला प्रतीत होणारे भय त्या हरणाचे राहत नाही, दुष्यंताच्या बाणाचे राहत नाही, त्या अरण्याचेही राहत नाही. स्थळकाळाची बंधने गळून नुसते भय उरते. आमच्या भयकथांचा उद्योग नेमका याच्या उलट चालतो. त्या भयाला पुन्हा नाव, गाव आणि कारण चिकटवतात. वेदान्ताच्या दोरीसापाचा दृष्टान्तही सर्वांना पाठ आहे. तत्त्वज्ञाला दिवा आणायची घाई असते आणि ती रास्त आहे. कथाकाराचे काम मात्र दिवा येण्याआधीच्या त्या संधिप्रकाशात आहे, जेथे दोरी आणि साप दोघेही पायाशी पडलेले असतात आणि माणूस पाऊल उचलून उभा असतो. त्या उचललेल्या पावलात त्याचे सारे चरित्र असते.

८

आणि आता वर्ग. प्राध्यापक आणि विद्यार्थी या लेखाचे वाचक असतील, म्हणून हे सरळच लिहितो. उलगड्याचा रोग जोपासण्याची सर्वांत मोठी रोपवाटिका आपली परीक्षापद्धती आहे. 'या कथेतील प्रतीकांचा अर्थ स्पष्ट करा', दहा गुण. 'लेखकाला काय सुचवायचे आहे?', पाच गुण. जी. ए. कुलकर्णींचे काय झाले ते पाहा. 'काजळमाया' (१९७२) किंवा 'पिंगळावेळ' (१९७७) वाचताना वाचकाला जी थंड, अनामिक भीती वाटते, तिच्याविषयी वर्गात चकार शब्द निघत नाही. फळ्यावर 'नियती' हा शब्द लिहिला जातो, मुले तो उतरवून घेतात, आणि जी. ए. निकालात निघतात. 'नियती' हा जी. एं. च्या समीक्षेतला समर्थ आहे. तो आला की कोणालाच घाबरायचे कारण उरत नाही. मूळ कथेत मात्र ते अंधारे, नाव नसलेले काहीतरी तसेच बसून असते, आणि परीक्षेनंतर एखाद्या विद्यार्थ्याने ते पुस्तक एकट्याने उघडलेच, तर त्याला ते भेटते. तेव्हा त्याला वाटते, सरांनी सांगितले होते ते हे नव्हे.

माझी मागणी थोडी आहे. भयकथा अभ्यासक्रमात आणा. धारप आणि मतकरी यांना खानोलकर आणि जी. ए. यांच्या शेजारी बसवा, आणि चौघांना एकाच कठोर मापाने मोजा. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा घाला, ज्याच्या दोन परस्परविरुद्ध उत्तरांना सारखेच गुण देता येतील, आणि गुण द्यायचे ते विद्यार्थी दोन्ही उत्तरे किती वेळ एकत्र पेलू शकतो यासाठी. लेखकांना इतकेच सांगणे आहे, की शेवटच्या प्रकरणात ज्या जाणत्याला बोलावले असेल, त्याला दारातूनच परत पाठवा. मानवतला तो आला होता. त्याच्यापाशी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होते.